शिरेतून मॉर्फिन देताना: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरसाठी

पोटाचं ऑपरेशन झालेल्या आजींना "दुखतंय का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं: "सोसतंय गं बाई." म्हणून मी त्यांना खोकायला सांगते. हात झटकन टाक्यांवर गेला, श्वास अर्ध्यातच अडला, की समजायचं. हे दुखणं सोसायचं नसतं. खोल श्वास घेता आला नाही तर कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो.

मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक; त्याचं ॲम्पूल दोनदा वाच. 10 मिलिग्रॅमचंही येतं, 15 चंही. 10 चं असेल तर सलाइन घालून एकूण 10 मिली कर. 1 मिलीत 1 मिलिग्रॅम, हिशोब सोपा. सिरिंजला लेबल तिथल्या तिथे लाव. मोठ्या माणसाला डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे सहसा 1-2 मिलिग्रॅम, सावकाश, आणि पाच मिनिटांनी बघून पुढचा डोस. कण्हणं थांबून डोळे मिटायला लागले की हात आवर. मॉर्फिनचा पूर्ण जोर यायला 15-20 मिनिटं लागतात. म्हातारं माणूस किंवा किडनीचा पेशंट असेल तर आधी डॉक्टरांना विचार. किडनी कमजोर असली की मॉर्फिनचे अंश अंगात साचतात. पॅरासिटामॉल वेळेवर दिलंस तर मॉर्फिन कमी लागतं, मळमळही कमी.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज, छातीकडे बघून. ऑक्सिजन चालू असताना बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन 98 टक्के दिसतो आणि तरी श्वास मंदावलेला असू शकतो. गुंगी त्याच्याही आधी येते. हाक मारून जाग येत नाही किंवा श्वास 8 च्या खाली आहे, तर मॉर्फिन बंद, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक, नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा उतारा) हाताशी. नॅलॉक्सोन मॉर्फिनच्या आधी उतरतं, पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. लगेच कॉट सोडून जाऊ नकोस.

बटण दाबलं की मॉर्फिनचा ठरलेला डोस देणारा पंप लावला असेल, तर ते बटण फक्त पेशंटनं दाबायचं. माझ्या जुन्या वॉर्डात एक मुलगा रात्रभर झोपलेल्या आईसाठी बटण दाबत होता. पहाटे मोजले तर श्वास 7. माऊली वाचली. "सिस्टर, तिला दुखू नये म्हणून…" एवढंच तो म्हणाला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की झोप लागली की बटण दाबलं जात नाही, यावरच त्या पंपाची सगळी सुरक्षितता आहे. आता बटण हातात देताना मी नातेवाइकांना कॉटजवळ बोलावते, हे सांगते, आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेते.