डेसिकेटचं स्पेलिंग चुकू नये म्हणून काय करायचं

डेसिकेट (desiccate, म्हणजे पार वाळवणं) हा इंग्रजी शब्द लिहिताना चूक ठरलेली असते, लोक एस दोनदा आणि सी एकदा लिहून मोकळे होतात. आहे नेमकं उलटं, एस एक आणि सी दोन. पाठ करत बसू नका, शब्द फोडा म्हणजे स्पेलिंगही कळतं आणि अर्थही.

लॅटिनमधे सिक्कुस म्हणजे कोरडा, त्यावरून सिक्कारे म्हणजे वाळवणं, आणि त्याला डे लागला की डेसिक्कारे, पार वाळवून टाकणं. सिक्कुसमधे मुळातच दोन सी, ते तसेच इंग्रजीत आले, आणि डेमधे एस नाहीच तर दुसरा एस येणार कुठून.

आता हा डे जरा फसवा आहे. डिफ्रॉस्ट वगैरे बघून आपल्याला वाटतं डे म्हणजे काढून टाकणं, पण तो हिशोब इथे लावला तर डेसिकेट म्हणजे कोरडेपणा घालवणं होईल, म्हणजे चक्क ओलं करणं! इथला डे नुसता जोर द्यायला आलाय. डेव्हास्टेटमधेही तोच आहे, वास्तारे म्हणजे उजाड करणं आणि डे लावला की पुरतं उजाड.

मराठीवाल्यांसाठी सोपी युक्ती म्हणजे सिक्कुस म्हटलं की सुकं आठवायचं. फक्त नातं जोडू नका हां, आपलं सुकं शुष्कवरून आलंय आणि त्याचं मूळ वेगळं आहे. सिक्कुसची खरी पोरं म्हणजे फ्रेंच सेक आणि इटालियन सेक्को. गंमत अशी की शॅम्पेनच्या बाटलीवर सेक लिहिलेलं असेल तर लिटरमागे 17 ते 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे नाव कोरडं आणि चव गोडसर.

वापरताना डिहायड्रेटशी गल्लत नको. उन्हात पाणी न पिता फिरलेला माणूस डिहायड्रेट होतो, त्याला डेसिकेट म्हणालात तर त्याची ममी झाली असं वाटेल. बिया, ममी, आटलेला अरल समुद्र यांना डेसिकेट शोभतो, आणि रटाळ, जीव नसलेल्या लिखाणालाही डेसिकेटेड म्हणतात, मला तर हा वापर सगळ्यात भारी वाटतो.

बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुडीवर डेसिकंट लिहिलेलं असतं, ते यातलंच. लॅबमधला डेसिकेटर पण त्याच घरचा. काचेचं जाड भांडं, तळाला सिलिका जेल, वर भोकं असलेली चकती, तिच्यावर वजन करायची वस्तू ठेवायची म्हणजे ती हवेतली ओल धरत नाही. झाकणाच्या कडेला ग्रीस लावलेलं असतं म्हणून ते वर उचलायचं नाही, आडवं सरकवायचं. आत रंग बदलणारं जेल असेल तर निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं त्यांनी पोटभर ओल प्यायली, मग ओव्हनमधे तापवून परत निळे करायचे.