शिक्षा जास्त झाली म्हणून अपील करताना

‘शिक्षा फार कडक आहे’ एवढ्यावर अपिलात फारसं काही हाती लागत नाही. अपील न्यायालय सहसा आपल्या मनाने नवी शिक्षा ठरवायला बसत नाही. खालच्या न्यायालयाचं कुठे चुकलं ते पाहतं. ती चूक दाखवून देणं आपलं काम.

निकालपत्र शेवटून वाचायला घ्या. अंतिम आदेशातली कलमवार शिक्षा कागदावर उतरवा आणि प्रत्येकीसमोर कायद्यातली कमाल-किमान लिहा. बेकायदा शिक्षा इथेच सापडते. दंड न भरल्यास भोगायची कैद हमखास तपासा. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील, तर दंडाबदलची ही कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त देता येत नाही. कमाल 3 वर्षं असेल तर 9 महिने. आदेशात 1 वर्ष असेल, तर तिथे दयायाचना कशाला? मर्यादा दाखवली की पुरे. शिक्षा एकत्रित भोगायच्या की एकामागून एक, हेही पाहा; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालच्या निकालात याचा उल्लेखच नसेल, तर त्या एकामागून एक चालतात. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले, दिवस वजा धरलेत ना (जुन्या संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 468), याचीही खात्री करा.

कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल, तर वय किंवा गरिबी सांगून त्याखाली उतरता येत नाही. खुनाला जन्मठेपेहून कमी शिक्षाच नाही. तिथे खरी लढाई गुन्हा सदोष मनुष्यवधात (खुनाहून सौम्य गुन्ह्यात) बसतो का, याची असते. घाईने ‘अपील शिक्षेपुरतंच’ असं सांगून टाकलं, तर तो दरवाजा आपणच बंद करतो.

शिक्षा मर्यादेत असूनही जास्त वाटत असेल, तर आरोपीचा नेमका सहभाग, आधीची शिक्षा नसणं, सहआरोपीला मिळालेली शिक्षा, घटनेला उलटलेली वर्षं हे मुद्दे कागदपत्रांसह मांडा. ‘भोगली तेवढी पुरे’ म्हणायचं असेल, तर तुरुंगाचा दिवसांचा दाखला हवाच. शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकलं होतं का, तेही रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहा. 1976 च्या संता सिंग प्रकरणात याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा प्रश्न पुन्हा खाली पाठवला होता.

मुदत सत्र न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 60 (फाशी असेल तर 30). निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. शिक्षा स्थगितीचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 430) अपिलासोबतच द्या. छोटी शिक्षा सुनावणीआधीच भोगून संपते, मग जिंकून उपयोग काय?

नुसत्या आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढत नाही. सरकारने याच संहितेच्या कलम 418 खाली वाढीसाठी अपील केलं, तर मात्र वाढू शकते. पण आधी आरोपीला बाजू मांडू द्यावी लागते, आणि त्या सुनावणीत तो थेट निर्दोष मुक्तताही मागू शकतो. ज्याने गुन्हा कबूल केला, त्याला खालच्या न्यायालयाच्या निकालावर फक्त शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यावरच अपील करता येतं.