सोलापुरात दुर्मिळ सागरी मासा आणण्याआधी

मासा यादीत सगळ्यात शेवटी. पहिलं काम पाण्याचं, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे थर बसतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर घ्या, घरातल्या पाण्यात बुडवा, आकडा बघा. मग पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असं विचारावंसं वाटेल. नाही चालणार, त्यात चवीसाठी थोडे क्षार राहू दिलेले असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) जोडून मीटरवर शून्य यायला हवं. आरओ जे पाणी बाहेर टाकतो ते वेगळ्या पिंपात धरा, फरशी आणि संडासाला वापरा. घरच्यांची परवानगी टिकवायची असेल तर हे पिंप टँकइतकंच महत्त्वाचं.

झाकणाची आणखी दोन पिंपं लागतील, एक शुद्ध गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्याचं. मीठ सागरी टँकचंच, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आदल्या दिवशी टाकून रात्रभर पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) फिरत ठेवायचा. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ च्या आसपास. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात टँकची पातळी खाली गेली की मी खारंच पाणी ओतत होतो. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हे शाळेत शिकलेलं ज्ञान महिनाभर सुचलं नाही. आकडा १.०३३ वर गेला आणि तीन डॅमसेल मासे गेले. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी, एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

मग ऊन. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना टँक २५-२६ वर ठेवायचा आहे. चिलर परवडत असेल तर घ्या, पण तो टँकच्या स्टँडमध्ये कोंडू नका, नाहीतर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. पाण्यावर आडवा पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात, जे मुंबईच्या दमट हवेत तितकं साधत नाही. किंमत एवढीच की गोड्या पाण्याचं पिंप लवकर रिकामं होतं. टँक पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. तीनशे लिटरचा टँक दगड-स्टँडसकट चारशे किलोंच्या घरात जातो, तेव्हा वरच्या मजल्यावर जागा ठरवताना खाली बीम कुठे आहे ते विचारून घ्या. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पॉवरहेड आणि हवेचा पंप. टँकमध्ये दिवा नसला तरी मासे मरत नाहीत, ऑक्सिजन नसला की मरतात.

दगड सिरॅमिकचे किंवा कोरडे. कुणी 'आपल्याच समुद्रातला लाइव्ह रॉक', म्हणजे जीव चिकटलेला प्रवाळाचा दगड, देऊ केला तर हात जोडा. प्रवाळ आणि समुद्रघोडा दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. टँक माशांशिवाय चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं शून्यावर यायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्यात कॅलेंडर बघा. मासा मागवायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात नको. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत थर्माकोलचा खोका घेऊन अडकलात तर तुमच्याही तोंडचं पाणी पळेल.

आता मासा कोणता? पेपरमिंट एंजल बघून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. कुक बेटांजवळ खोल पाण्यात राहणारा तांबडा-पांढरा पट्ट्यांचा हा मासा पकडणं इतकं अवघड की त्याची किंमत मोटारीच्या भाषेत बोलतात. क्लॅरियन एंजलचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याशिवाय होत नाही. माझं मत विचाराल तर बांगाई कार्डिनलची जोडी आणा, पण पैदास केलेलीच. हा रुपेरी, काळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांपुरता. त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत, म्हणून एका खाडीतले मासे उचलले की ती खाडी रिकामीच राहते. आपल्यासारख्या हौशी लोकांच्या मागणीनेच तो संकटग्रस्त यादीत गेला. टाकीत मात्र तो चांगला वाढतो. मासा स्वतः खाणं खाताना दिसेल असा व्हिडिओ विक्रेत्याकडून मागा. जास्त कार्डिनल एकत्र ठेवू नका, मोठे झाले की एकमेकांना मारतात.

क्वारंटाइनसाठी साधा चाळीस लिटरचा टँक, आत पीव्हीसी पाइपचे तुकडे. विक्रेत्याला फोन करून त्याच्याकडची क्षारता विचारा. बरेच जण ती कमी ठेवतात. क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवा. सकाळच्या गाडीतून उतरवलेला खोका घरी आणलात की पिशवी न फोडता पंधरा मिनिटं तरंगत ठेवा, मग फोडा आणि मासा लगेच जाळीने आत सोडा. सलाइनच्या नळीने तासभर थेंब-थेंब पाणी घालण्याची पद्धत दुकानातून घरी आणलेल्या माशाला ठीक. रात्रभर प्रवास केलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

त्या दिवशी दिवे बंद, खाणं नाही. पुढे रोज थोडी क्षारता वाढवत तीस दिवस काढा आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात का बघा. मोठ्या टँकला जाळीचं झाकण घाला. काही महिन्यांनी एखाद्या कार्डिनलने अचानक खाणं सोडलं आणि त्याचा जबडा फुगलेला दिसला, तर औषधाची बाटली काढू नका. तो नर आहे आणि तोंडात अंडी धरून बसलाय.