पंप कोरडा पळवू नका

भाषांतराचं काम नुकतंच हाती घेतलं होतं तेव्हाची गोष्ट. एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करायची होती. त्यात सूचना होती, 'डू नॉट रन द पंप ड्राय.' सगळे शब्द ओळखीचे, त्यामुळे शब्दकोश उघडावासाही वाटला नाही. मी लिहून टाकलं, 'पंप कोरडा पळवू नका.' तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'पंपाला पाय कधी फुटले?'

आत पाणी नसताना पंप चालवू नका, एवढा साधा अर्थ होता.

तेव्हा लक्षात आलं, की मी शब्दकोश फक्त अवघड शब्दांसाठी उघडत होतो. नव्यांनी नेमकं उलट करावं. लांबलचक, जडजंबाल शब्दाला बहुधा एक-दोनच अर्थ असतात. खरी फसवणूक करतात ते तीन अक्षरी, पहिलीत शिकलेले शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात 1989च्या आवृत्तीपर्यंत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी 'रन'ची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा तिला सुमारे नऊ महिने लागले आणि एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. हा कोश अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावतो. नवख्याला पहिल्या पानावरच मध्ययुगीन इंग्रजी भेटते आणि तो घाबरून कोश मिटतो. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी काढलेला कोश घ्या. त्यात वापरातले अर्थ आधी येतात.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक गंमत: इंग्रजीत जे धावतं ते मराठीत बहुतेक वेळा चालतं. दुकान चालतं, इंजिन चालतं, नाटक वर्षभर चालतं, संस्था कुणीतरी चालवतं. इंग्रजीत या सगळ्यांना 'रन' लागतो. पातळ पदार्थ आला की मात्र आपण 'वाहणं'कडे वळतो: नळ वाहतो, नाक वाहतं. (पोटाच्या तक्रारीलाही इंग्रजीत 'द रन्स' म्हणतात, पण ते चारचौघांत नको.) धुताना कापडाचा रंग 'रन' होतो, आपण म्हणतो रंग गेला. रस्ता नदीकाठाने 'रन' होतो, आपला नुसता जातो. वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं म्हणजे छापतं. बँकेवर 'रन' आला म्हणजे ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडाली.

म्हणून 'रन म्हणजे काय' हे विचारूच नका. काय रन होतंय ते आधी बघा. कर्ता किंवा कर्म सापडलं की निम्मा अर्थ सापडतो.

उरलेला अर्थ मागच्या चिमुकल्या शब्दात असतो आणि तिथे मी अजूनही अडखळतो. 'रन आउट' क्रिकेटमुळे आपल्याला धावचीत म्हणून पाठ. पण 'वी हॅव रन आउट ऑफ टाइम'मध्ये कुणी बाद झालेलं नसतं, वेळ संपलेली असते. 'रन इनटू' माणसाबद्दल असेल तर अचानक गाठ पडणं, अडचणीबद्दल असेल तर तीत सापडणं. 'रन डाउन' बॅटरी उतरलेली असते, इमारत मोडकळीला आलेली असते, माणूस थकलेला असतो. 'ड्राय रन' म्हणजे आधी करून पाहिलेली तालीम; त्या पंपाशी तिचा काही संबंध नाही.

पहिल्या वर्षी मी वहीत अर्थांची यादी केली होती. ती पाठही झाली, पण कामाच्या वेळी एक ओळ आठवेल तर शपथ. आता अर्थ लिहीत नाही, आख्खं वाक्य उतरवतो आणि शेजारी ते आपण मराठीत कसं बोललो असतो ते. वहीतलं माझं आवडतं पान निवडणुकीचं आहे. अमेरिकन उमेदवार 'रन' करतो म्हणजे धावतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो म्हणजे उभा राहतो. मराठीतलाही उभाच राहतो.