पेपरातल्या हॉटेल समीक्षकाची भाषा जोखताना या चुका टाळा

गावच्या पेपरात हॉटेलांवर लिहिणाऱ्याची टर उडवणं फार सोपं असतं. पुरवणीतलं एखादं साधंभोळं वाक्य हेरायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, की बाकीचं काम आपोआप होतं. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेत हाच खेळ देशपातळीवर झाला. नॉर्थ डकोटा राज्यातलं ग्रँड फोर्क्स हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव. तिथल्या ‘ग्रँड फोर्क्स हेरल्ड’मध्ये ८५ वर्षांच्या मॅरिलिन हॅगर्टी यांनी ‘ऑलिव्ह गार्डन’ या साखळी हॉटेलच्या नव्या शाखेवर लिहिलं. दारातलं स्वागत, शेकोटी, कमानी, कृत्रिम फुलं, चिकन अल्फ्रेडो (सायीच्या सॉसमधला पास्ता) गरम आणि भरपूर, असा सगळा सरळ मामला. महानगरांतल्या वाचकांना हसू आवरेना. साखळी हॉटेलावर इतक्या गंभीरपणे कोणी लिहितं का, असा एकूण सूर. ती थट्टा करताना लोकांनी ज्या चुका केल्या, त्याच आपण आपल्या शहर पुरवण्या वाचताना करतो.

दुसऱ्याच वाचकाच्या चष्म्यातून वाचणं

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ऑलिव्ह गार्डन हा विनोदाचा विषय असेल. ग्रँड फोर्क्समध्ये लोक त्याची वाट पाहत होते. ते उघडल्यावर गावाचे प्रश्न साधे होते: जागा मिळते का, नीट वागवतात का, पैसे किती पडतात. लेखात याची उत्तरं होती, अल्फ्रेडोची १०.९५ डॉलर ही किंमतसुद्धा होती. (आणि पेपरही काही ऐरागैरा नव्हता. १९९७च्या पुराच्या वार्तांकनासाठी हेरल्डला १९९८चं लोकसेवेचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं होतं.) तालुक्याच्या ठिकाणी पहिलं वातानुकूलित ‘फॅमिली’ रेस्टॉरंट निघालं आणि तिथला समीक्षक एसी, स्वच्छ प्रसाधनगृह आणि पार्किंगवर दोन परिच्छेद घालवत असेल, तर नाक मुरडण्याआधी विचारा, हे कोणासाठी लिहिलंय? म्हाताऱ्या आईवडिलांना आणि दोन पोरांना घेऊन जेवायला निघालेल्या माणसाला पार्किंगची माहिती पनीरच्या वर्णनापेक्षा जास्त कामाची असते.

न लिहिलेलं न वाचणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक ही. आपण विशेषणं मोजतो, जागा मोजत नाही. हॅगर्टींच्या लेखात सजावटीला जागा भरपूर आहे, पदार्थांना मोजकी वाक्यं. वाढणारीनं रासबेरी लेमोनेड सुचवलं आणि आपण पाणी प्यायलो, हेही त्या सांगतात, त्यावर टिप्पणी न करता. माझ्या मते निकाल तिथेच लागलाय. ज्या गावात हॉटेलमालक बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत भेटतो, तिथला समीक्षक ‘जेवण बेताचं होतं’ असं छापत नाही, तो पडद्यांचं कौतुक करतो. गावातल्या वाचकाला ते बरोबर कळतं, बाहेरच्याला तो भाबडेपणा वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. समजा, मटण थाळीच्या नव्या हॉटेलावर लेख आलाय. दगडी बांधकामाची भिंत, पितळेचे तांबे, फेटेवाले वाढपी, बाहेर बैलगाडीचं चाक. मग एक वाक्य: ‘तांबडा-पांढरा रस्सा गरमागरम मिळतो.’ बस्स. रस्सा कसा होता ते नाही, मटण शिजलं होतं का ते नाही, भाकरीचा तर उल्लेखच नाही. ज्यानं आयुष्यभर थाळ्यांवर लिहिलंय, तो रश्श्याबद्दल फक्त ‘गरम’ म्हणत असेल, तर त्याला याहून काही म्हणायचं नाहीये. अशा लेखकाची शैली सपाट आहे असा शेरा मारायची घाई नको. त्याचे दहा-बारा जुने लेख सलग वाचा. आवडलेल्या हॉटेलांवर तो कुठे रेंगाळतो आणि न आवडलेल्या ठिकाणी कशाकडे वळतो, हे कळलं की पुढचा प्रत्येक लेख उलगडतो. अमेरिकेतले नावाजलेले शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांचंही काहीसं असंच झालं. हॅगर्टींच्या लेखाकडे सुरुवातीला मौजेनं पाहिलं, मग मत बदललं, आणि २०१३ मध्ये हॅगर्टींच्या समीक्षांचा संग्रह त्यांनीच आपल्या प्रकाशनातून काढला.

विशेषणांना शैली समजणं

‘जिभेवर रेंगाळणारी चव’, ‘खवय्यांसाठी पर्वणी’, ‘एकदा तरी भेट द्यायलाच हवी’. यातलं काहीही मिसळीला लागू पडतं आणि पुरणपोळीलाही. हॉटेलचं नाव झाका आणि परिच्छेद वाचा. तो गावातल्या कुठल्याही हॉटेलला चिकटवता आला, तर भाषा कितीही झुळझुळीत असो, लेखक कमी पडलाय. उलट ‘दुसऱ्यांदा मागवलेला रस्सा कोमट आला, पाव मात्र त्याच सकाळचा, ताजा होता’ या वाक्यात अलंकार एकही नाही, पण लिहिणारा टेबलाशी बसून जेवलाय हे दिसतं. मुंबईत ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर’ काढणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे ‘बिझीबी’, हॉटेलांवरही लिहीत. छोटी वाक्यं, चेहरा कोरा. ती साधी भाषा कोणी कच्ची समजलं नाही, कदाचित ती इंग्रजीत होती म्हणून.

खवचट म्हणजे प्रामाणिक असं धरून चालणं

नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे हॅगर्टींच्या लेखाच्याच वर्षी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पीट वेल्स यांनी टाइम्स स्क्वेअरमधल्या गाय फिएरी यांच्या हॉटेलची जवळजवळ संपूर्ण समीक्षा प्रश्नांच्या माळेत लिहिली आणि हॉटेल सोलून काढलं. वाचायला मजा येते. पण त्यामागे त्या पेपरची तेव्हाची शिस्त होती: अनेकदा जायचं, ओळख द्यायची नाही, बिल पेपरनं भरायचं. समोर टीव्हीवरचा नामांकित माणूस होता, नवराबायकोनं कर्ज काढून सुरू केलेली खानावळ नव्हे. एकदाच जाऊन, तेही उद्घाटनाच्या आठवड्यात, तशीच चिरफाड कोणी करत असेल तर त्या धारदार भाषेला गुण देऊ नका. त्याचा रोख लाइक्सवर आहे.

डेस्कचं पाप लेखकाच्या माथी मारणं

मथळा बहुतेक वेळा उपसंपादक देतो. आत ‘शेवभाजी चांगली, बाकी ठीक’ असताना वर ‘खवय्यांचा स्वर्ग’ दिसतो तो असा. आयत्या वेळी जाहिरात आली की मजकूर खालून कापला जातो, म्हणून लेख अधांतरी संपला तर लगेच लेखकाला नावं ठेवू नका. मुरलेला लेखक हे ओळखून आपलं मत वरच्या दोन परिच्छेदांतच मांडून मोकळा होतो, शेवटासाठी राखून ठेवत नाही.

जाहिरातीची समीक्षा करणं

काही मजकूर मुळात समीक्षा नसतोच. मालकाचा हात जोडलेला फोटो, ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ हे मनोगत, शेवटी बुकिंगचा मोबाइल नंबर. किमती मात्र गायब, कारण बिल कोणी भरलेलंच नसतं. बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असतं किंवा तेही नसतं. ही भाषा तुपकट का, लेखकाला काहीच कसं खटकलं नाही, यावर डोकं खपवू नका. तक्रार करायचीच असेल तर संपादकांना पत्र लिहून विचारा, या मजकुरावर ‘जाहिरात’ असं का छापलं नाही.