शक्तिमान ट्रक रात्रभर उभा राहिला की सकाळी सुरू होत नाही: माझा अनुभव

मिलिटरी डिस्पोजलचा (लष्कराने वापरून विकलेला) शक्तिमान, जबलपूरचा, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरचा सहा सिलिंडर डिझेल. संध्याकाळी बंद केला की सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हातपंप मारला की लगेच सुरू. मग दिवसभर तक्रार नाही.

बॅटऱ्या, डिझेल फिल्टर, फीड पंपाचे व्हॉल्व्ह, सगळं बदललं. डोकं पिकलं, फरक शून्य.

गळती कुठेच दिसत नव्हती, आणि खरी मेख तीच. टाकी ते फीड पंप ही ओढणारी बाजू. तिथल्या फटीतून बरेचदा डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. फीड पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळी लावली. बुडबुडे! तीच नळी थेट डिझेलच्या कॅनमध्ये बुडवली, बुडबुडे बंद. म्हणजे पंप निर्दोष.

चेसिसच्या पाइपापासून इंजिनकडे येणारा रबरी होज कडक होऊन आतून तडकला होता. डिझेलला चालणारा नवा होज घातला, बँजो बोल्टच्या (पाइपाचं टोक जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे कॉपर वॉशरही नवे (जुने पुन्हा वापरू नका).

मग हवा काढली, याच क्रमाने: आधी फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) सैल, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. नंतर इंजेक्शन पंपाचा स्क्रू, तसंच. शेवटी इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको.

आता आठवडाभर उभा असला तरी हातपंपाला हात लावावा लागत नाही.