कोकणातल्या दमट हवेत घरची शुगर बिनचूक कशी मोजावी

मे महिन्यात माजघरातली आंब्यांची आढी उघडली की ग्लुकोमीटरवर 250, 300 असे आकडे दिसायला लागतात. त्यातले काही आकडे आंबे खाल्ल्याचे असतात, तर काही नुसते आंबे चिरल्याचे. मशीनला रक्त लागतं जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलीटर. शुगर 100 असेल तर एका मायक्रोलीटरमध्ये ग्लुकोज असतं 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटाला राहिलेल्या रसाच्या पुसट थराने हा आकडा सहज दुप्पट होतो. असा खोटा आकडा पाहून कोणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर रात्री शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून पहिली गोष्ट हात धुण्याची. फळ सोलल्यानंतर नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने साखर पुरती निघत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं, आणि नंतर बोट पूर्ण कोरडं हवं, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो.

सुई बोटाच्या मध्यभागी टोचू नका. कडेला टोचा. तिथे दुखतं कमी आणि रक्तही चांगलं येतं. मधलं बोट किंवा अनामिका घ्या आणि रोज जागा बदला. शेतात, होडीवर किंवा चिऱ्याच्या खाणीत राबणाऱ्यांची कातडी जाड असते. त्यांनी टोचायच्या पेनावरचा आकडा एक-दोन घरं वाढवावा. बर्फातली मासळी हाताळून बोटं गार पडली असतील तर कोमट पाण्यात हात धरा, मिनिटभर खाली सोडून ठेवा, मग टोचा. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही बाहेर येतं आणि आकडा चुकतो. तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलका दाब पुरतो. हात धुतलेले असतील तर पहिलाच थेंब चालतो. घराबाहेर धुण्याची सोयच नसेल तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने टिपून टाका आणि दुसरा वापरा.

आता स्ट्रिप. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्ट्रिपच्या टोकाला एक एन्झाइम लावलेलं असतं. त्याची रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तोच मोजतं. ओलाव्याने हे एन्झाइम खराब होतं. स्ट्रिपच्या डबीत ओलावा शोषणारा थर बसवलेला असतो, पण तो बंद डबीपुरताच. पावसाळ्यात पडवीत बसून डबी उघडी ठेवली, गप्पा मारत शुगर तपासली आणि मग झाकण लावलं, असं आठवडाभर झालं की उरलेल्या स्ट्रिपांचा भरवसा धरू नका. स्ट्रिप काढा, झाकण टक् वाजेपर्यंत दाबा, मगच बोट टोचा. स्ट्रिपा दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, ओल्या हाताने धरू नका, फ्रिजमध्येही ठेवू नका. गार डबी बाहेर आली की आत दव धरतं. बहुतेक कंपन्या 30 अंशांपर्यंत ठेवायला सांगतात, तेव्हा चुलीजवळचा कोनाडा आणि उन्हात उभी केलेली गाडी दोन्ही वर्ज्य. डबी उघडलेली तारीख तिच्यावर पेनाने लिहा. अनेक कंपन्यांची मुदत उघडल्यापासून 3 महिने असते. आठवड्याला दोनच वेळा तपासणाऱ्याने 50 ऐवजी 25 ची डबी घेतलेली बरी.

मशीनवर शंका आली तर उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त देतानाच बोटाची शुगर बघा. लॅबचा आकडा 100 किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनने 15 टक्क्यांच्या आत यायला हवं: लॅबचे 140 असतील तर मशीनचे 119 ते 161 ठीक. जेवणानंतर ही तुलना करू नका, कारण तेव्हा बोटातली शुगर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते. आणखी एक पाहा. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून रक्त तालुक्याला जायला दोन-तीन तास लागत असतील तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, आणि साध्या नळीत आकडा तासाला 5 ते 7 टक्क्यांनी घसरतो. शुगरसाठी राखाडी टोपणाची नळी वापरली का, हे सरळ विचारा.

कधी मोजायचं? रोज सकाळी उपाशीपोटीच मोजत राहिलात तर जेवणाने काय होतं ते कधीच कळत नाही. जोडी करून मोजा: जेवणाआधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. एक दिवस तांदळाच्या दोन भाकऱ्या, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच नाचणीच्या. एक दिवस आधी भात, दुसऱ्या दिवशी आधी भाजी आणि मासे, मग तेवढाच भात. वहीत पदार्थ आणि प्रमाण लिहा, नुसता आकडा नको. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्कर किंवा वारंवार शुगर उतरणाऱ्यांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात. 70 च्या खाली गेली तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. मशीनवर ‘हाय’ आलं आणि सोबत उलट्या होत असतील तर वाट न बघता दवाखाना गाठा.

अलीकडे मुंबईचे चाकरमानी गावच्या आईवडिलांना दंडावर चिकटवायचा सेन्सर आणून देतात. चांगली गोष्ट आहे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. साधारण 5 मिलिमीटरचा मऊ तंतू कातडीखाली बसतो आणि पेशींमधल्या द्रवातली शुगर 10 ते 15 दिवस सतत मोजतो. हा द्रव रक्ताच्या 5 ते 10 मिनिटं मागे असतो. त्यामुळे शुगर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना सेन्सर आणि बोट यांत फरक दिसणारच. पहिल्या 24 तासांतल्या आकड्यांवर फार विसंबू नका. रात्री दोन वाजता अचानक 55 दिसलं तर आधी पाहा, माणूस त्याच कुशीवर झोपलाय का. सेन्सर दाबला गेला की खोटा कमी आकडा येतो. कूस बदला आणि बोटातून खात्री करा. घाम सुटलाय, थरथर होतेय, जीव घाबरतोय, असं असेल तर मात्र मोजत न बसता आधी साखर द्या. व्हिटॅमिन सी ची 500 मिलिग्रॅमच्या वरची गोळी काही सेन्सरांवर आकडा वाढवते, तेव्हा सोबतचं पत्रक वाचा.

सेन्सर गळून पडतो तो घामाने आणि खोबरेलाने. लावायच्या दिवशी दंडाला तेल नको. साध्या साबणाने धुवा, कोरडं करा, स्पिरिट फिरवा आणि ते पूर्ण उडू द्या. दमट दिवसात याला दोन मिनिटं लागतात, पंख्याखाली बसा. दाट केस असतील तर काढून टाका. वरून चिकटपट्टी लावलीत तर मधलं भोक झाकू नका. मुदत संपल्यावर काढताना मात्र कडेने खोबरेल सोडा, कातडी सोलवटत नाही. गावात रेंज नसली तरी सेन्सर फोनशी बोलतो. मुंबईतल्या मुलाला आकडे पाठवायलाच इंटरनेट लागतं.

मोजणं बरोबर, डोस तोच, जेवण तेच, तरी शुगर चढत चालली तर इन्सुलिनकडे वळा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरमध्ये कधीच नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरातलं बहुतेक इन्सुलिन 25 ते 30 अंशांच्या आत 28 दिवस टिकतं. नेमका आकडा खोक्यावर असतो. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण 4 तास गार राहतो. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा पर्याय माहीत हवा. मातीच्या मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आत कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. पण ही युक्ती पाणी उडण्यावर चालते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान चालते, आपल्या दमट हवेत मडकं थोडेच अंश उतरवतं. म्हणून ते वारं खेळेल अशा सावलीत ठेवा आणि आत साधा थर्मामीटर ठेवून खरोखर किती उतरतं ते पाहा. मासळीच्या पेटीतला बर्फ वापरायचाच असेल तर त्यात मीठ नाही ना याची खात्री करा, कारण मिठाचा बर्फ शून्याच्या खाली जातो. साधा बर्फही थर्मासमध्ये कापडाआड ठेवा, बाटलीला टेकू देऊ नका.

फ्रिजबाहेर राहिलेल्या बंद बाटलीवरही त्या दिवसाची तारीख घाला आणि तिथून 28 दिवस मोजा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिन हातांत हलकेच घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली टाकून द्या. बिघडलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंही असू शकतं. उन्हात तापलेल्या बाटलीबद्दल शंका असेल तर नवीन उघडा आणि दोन दिवस जोडीने मोजून फरक पाहा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्या. परसात किंवा पऱ्यात टाकलेली सुई पावसात वाहून लावणीच्या चिखलात अनवाणी पायाखाली येते.